माती परीक्षण मे महिन्यात, महापूर ऑगस्टमध्ये!

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण सांगली, मिरज, पलूस, कराड भागात फ्लॅट किंवा प्लॉट घेणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात एका वाचकाचा फोन आला. "भाऊ, ताबा घेऊन तीन वर्षं झाली नाहीत, भिंतीत बोट जाईल एवढी भेग पडलीय. बिल्डर म्हणतो प्लास्टरचा दोष." जाऊन बघितलं. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली गेलेली. ओळखीच्या इंजिनिअरला फोटो पाठवला. तो म्हणाला, प्लास्टर सोड, पायाखालची माती बघ.

चार खेपा घातल्यावर माती परीक्षणाचा अहवाल हातात पडला. अख्ख्या प्लॉटला दोन बोअर. काम मे महिन्यातलं. भूजलाच्या रकान्यात दोनच शब्द : 'आढळले नाही'.

मे महिन्यात कसं आढळेल राव?

आपली जमीन कशी आहे ते आधी समजून घ्या. साताऱ्याकडं डोंगरउतारावर थोडं खणलं की मुरूम, मग काळा पाषाण. कृष्णाकाठी तसं नाही. इथं पाषाणावर नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ आहे. कुठं चिकणमाती, कुठं वाळूचा थर. त्यावर काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडणारी. एकाच प्लॉटच्या दोन टोकांना जमीन वेगळी निघू शकते. त्यात ओत बुजवून भराव टाकलेला असेल तर विचारूच नका.

ही जमीन तपासायची रीत ठरलेली आहे. बोअरमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. माती किती फुगते, पाण्यात क्षार किती, हेही तपासतात. मिरज, वाळवा, पलूसच्या क्षारपडीनं शेतं खाल्ली ती आपण बघतोच. तेच क्षार पायातलं लोखंडही खातात.

पण खरी मेख पाण्याच्या पातळीत आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. का? कारण पातळी हलते. मग ज्यावर शंभर कुटुंबं राहणार, तिथं एकदाच आणि तेही पाणी सर्वांत खोल असताना मोजून कसं चालेल? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ ही आपण भोगलंय. पूर ओसरतो, पण जमिनीत मुरलेलं पाणी लगेच उतरत नाही. ओल्या वाळूची भार पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. चिकणमाती मऊ पडते. तळघरातली रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या दाबानं वर उचलली जाते.

बिल्डर म्हणतात, खर्च वाढतो. कसला खर्च? बोअरमध्ये भोकं पाडलेला पाईप ठेवून द्या, पावसाळ्यात दोरी सोडून पाणी मोजा. इमारतीला दोन वर्षं लागतात, मग एक पावसाळा थांबायला काय होतं? आणि मंजुरी देणारे साहेब काय करतात? अहवाल फाईलला लागलाय एवढंच बघतात. निळी रेषा, लाल रेषा यावर भांडणं होतात, पण ती वरच्या पाण्याची. खालच्या पाण्याचं कुणी विचारत नाही.

म्हणून तुम्ही विचारा. बुकिंगचा चेक देण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल मागा. त्यात तीन गोष्टी बघा : बोअर किती आणि कुठं, तारीख कोणती, पाणी कितीवर आणि किती वेळा मोजलं. सरकारी शाळा, दवाखाना असेल तर माहिती अधिकारात मागा. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत इमारतीच्या बांधणीत दोष निघाला तर बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करायचा, असं रेरा कायदाच सांगतो. लेखी तक्रार करा, तोंडी नको.

महापालिका आणि नगरपालिकांकडं माझी मागणी एकच. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर पावसाळ्यानंतरची भूजल नोंद असल्याशिवाय पायाला परवानगी देऊ नका.

ऊस लावायच्या आधी आपला शेतकरी माती तपासून घेतो. आपण तर तिथं वीस वर्षांचं कर्ज काढून लेकराबाळांना घेऊन राहायला जातोय.

तुमच्या इमारतीचा अहवाल तुम्ही बघितलाय का? कमेंटमध्ये सांगा.