महागडा लॅपटॉप घ्यावा काय?

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मल्हारगंजातील जुन्या मराठी घरांतून अलीकडे एक नवीच चर्चा ऐकू येते. मध्यप्रदेश शासन राज्य मंडळाच्या परीक्षेत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांस लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. जुलै २०२५ मध्ये ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. पैसे हाती आले की प्रश्न उभा राहतो : एवढ्यात थोडी भर घालून साधे यंत्र घ्यावे, की पदरचे पाऊण लाख ओतून नामांकित यंत्र आणावे? आमच्या खेड्यांतील आईबापांपुढेही हाच प्रश्न आहे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

प्रथम महागड्या यंत्राची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ॲपल कंपनीचा मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत ९९,९०० रुपयांपासून पुढे होती. त्याचे अंग धातूचे, वजन सुमारे सव्वा किलो, पडदा डोळ्यांस सुखाचा. आत पंखा नसल्याने आवाज नाही. बॅटरी एक हजार वेळा पूर्ण भरून रिती झाली तरी तिची ८० टक्के शक्ती टिकावी, अशी तिची रचना असल्याचे कंपनी सांगते. तेव्हा जास्त पैसे केवळ नावाचे असतात, असे म्हणणे खरे नव्हे. हिशेब करून पाहा. चाळीस हजारांचे यंत्र चार वर्षे चालले, तर वर्षाला दहा हजार पडले. लाखाचे आठ वर्षे चालले, तर साडेबारा हजार. अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

तथापि हा हिशेब यंत्र आठ वर्षे सुखरूप राहिले तरच खरा. वसतिगृहात ते पडले, पडदा फुटला, तर दुरुस्तीचा खर्चही यंत्राच्या तोलाचाच असतो. शिवाय त्यातील स्मृती, म्हणजे रॅम, पक्की जोडलेली असते. ती मागाहून वाढविता येत नाही. आणि महाग ते सर्वांस उपयोगी, असेही नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ज्या टॅलीवर हिशेब शिकतो, आणि अभियांत्रिकीचा ज्या सॉलिडवर्क्सवर आराखडे काढतो, त्या दोन्ही प्रणाली विंडोजसाठी बनविलेल्या आहेत. तेव्हा शाखा कोणती, हे आधी विचारावे. दुकान मागाहून गाठावे.

स्वस्त यंत्र रडते ते बहुधा दोन कारणांनी : रॅम तोकडी असते, किंवा आत फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असते. सबब एसएसडी असलेले, निदान ८ जीबी आणि जमल्यास १६ जीबी रॅमचे, फुल एचडी पडद्याचे यंत्र पाहावे. लेखन, वाचन, हिशेब व शिकवण्या यांस एवढे पुरते. कचेऱ्यांतून वापरून निघालेली मजबूत यंत्रेही कमी दरात मिळतात. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालते ना, याची खात्री करूनच पैसे मोजावेत. चलचित्रांचे संकलन वा तत्सम जड काम ज्याच्या पोटापाण्याचे साधन होणार आहे, त्याने अवश्य अधिक खर्चावे. तो खर्च त्याला परत मिळेल.

आता हप्त्यांविषयी. ‘बिनव्याजी’ या शब्दाला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज कोठे तरी दडलेले असते; कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या आणि आपल्या हातून गेलेल्या सवलतीत.

सर्वांत मोठी किंमत मात्र पावतीवर लिहिलेली नसते. थोरल्याच्या यंत्राचे हप्ते फेडताना धाकट्या मुलीची फी मागे पडली, तर ते यंत्र कितीही टिको, ते महागच पडले. मित्राच्या हाती आहे म्हणून आपल्यालाही हवे, असे मुलाने म्हणावे हे वयाला धरून आहे. पण घरची मिळकत त्याच्यापुढे उघड मांडून, त्याला सोबत बसवून बेरीज करावी. ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या मुलाला ती बेरीज खास समजते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण लॅपटॉपलाही लागू आहे.