पहिला मान कोणत्या टॅब्लेटला?

टॅब्लेटसाठी ॲप तयार करावयाचे ठरले की ते आधी ॲपलच्या आयपॅडसाठी करावे की गुगलच्या अँड्रॉइडसाठी, हा प्रश्न उभा राहतो. वरकरणी तो तंत्रज्ञांपुरता वाटतो. वस्तुतः त्याची झळ सामान्य माणसालाही पोहोचते. कारण ज्याचा क्रमांक दुसरा लागतो, त्याला किती काळ ताटकळावे लागेल याचा नेम नसतो. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये प्रथम आयफोनवर आले. अँड्रॉइडधारकांना एप्रिल २०१२ पर्यंत थांबावे लागले आणि आयपॅडसाठी स्वतंत्र ॲप निघण्यास तर २०२५ साल उजाडले! बलाढ्य कंपनीची ही गत, तेथे चार-दोन माणसांच्या संस्थेची काय कथा?

आयपॅडचा पक्ष लंगडा आहे असे मुळीच नाही. त्याचे प्रकार मोजके असल्याने ॲपची चाचणी सोपी जाते आणि पैसे मोजणारा ग्राहकही तेथे अधिक भेटतो. अँड्रॉइडची यंत्रे अनेक कंपन्यांची, लहानमोठ्या पडद्यांची. एकावर सुरळीत चालणारे ॲप दुसऱ्यावर अडखळते. उलटपक्षी, गुगलकडे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. शिवाय मॅक संगणकाचा खर्च वेगळाच. तरीही चित्रकार वा वास्तुविशारद यांच्यासाठी साधन घडविणाऱ्याने आयपॅडची वाट धरली, तर त्यात वावगे काही नाही.

शालेय शिक्षणाच्या ॲपला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेला ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट अँड्रॉइडवरच चालणारा होता. तो प्रयोग अपेक्षेप्रमाणे फळाला आला नाही. परंतु अल्प किमतीच्या यंत्राचा मार्ग कोणता, हे त्यातून दिसले. आजही सामान्य मराठी कुटुंबात टॅब्लेट असलाच, तर तो बहुधा अँड्रॉइडचाच असतो. अशा घरातील मुलांना गणित शिकवू पाहणारे ॲप आधी आयपॅडवर आले, तर ते कितीही सुबक असले तरी ज्याला शिकवणी परवडत नाही, नेमका तोच विद्यार्थी दाराबाहेर राहील.

फ्लटरसारख्या साधनांनी एकच ॲप दोन्हीकडे चालविता येते, मग निवडीचा खटाटोप कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. लेखन एकदा झाले तरी चाचणी व दुरुस्ती दोन्हीकडे करावीच लागते आणि मनुष्यबळ अपुरे असले की अग्रक्रम आपोआप ठरतो. तो आपोआप ठरू देण्यापेक्षा विचारपूर्वक ठरविणे श्रेयस्कर. शैक्षणिक ॲपची पहिली कसोटी स्वस्तातल्या, जुन्या झालेल्या अँड्रॉइड टॅब्लेटवर, इंटरनेट तुटक असताना घ्यावी. तेथे जे टिकेल ते पुढे आयपॅडवर नेणे अवघड नाही. उलट क्रमाने गेल्यास वंचितांची पाळी येईलच, याची हमी कोण देणार?