बाळाच्या मापाने पारखा

अन्ननलिका मध्येच तुटलेले बाळ जन्मानंतर काही दिवसांतच शस्त्रक्रियेच्या टेबलावर येते. नलिकेचे वरचे टोक बंद असते, खालचे बहुतेक वेळा श्वासनलिकेला जोडलेले. ही दुरुस्ती 1999 मध्ये बर्लिनमध्ये प्रथम छाती न उघडता, दुर्बिणीतून झाली. आजही ती बालशल्यविशारदांच्या सर्वांत अवघड कामांत मोडते, आणि त्याचे एक मोठे कारण जागा. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या छातीचा घेर जेमतेम 33 सेंटिमीटर. त्यात 3 मिलिमीटर जाडीचा सरळ चिमटा आतबाहेर सरकतो, चारी दिशांना कलतो, स्वतःभोवती फिरतो. टोकाशी वळत मात्र नाही. सुईला हवा तो कोन मिळेना की सर्जन स्वतःचा खांदा वाकडा करून टाका घालतो. दोन टोके आधीच ताणलेली असतात. जरा जोर जास्त झाला तर टाका ऊतीतून फाटून बाहेर येतो.

टोकाशी मनगटासारखा वळणारा सांधा असलेली उपकरणे इथे हवीतच. प्रश्न आहे तो ती पारखण्याचा. मोठ्यांच्या पोटाएवढ्या सरावपेटीत गाठ किती सेकंदांत बसली हे मोजून बाळाच्या छातीबद्दल काहीही कळत नाही. सांधा वळायला तो छिद्रात बसवलेल्या नळीबाहेर पूर्ण यावा लागतो, आणि तेवढी खोली नवजात बाळाच्या छातीत नसते. दा विंची या शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवाचा अनुभव बोलका आहे. त्याची नेहमीची उपकरणे 8 मिलिमीटरची. पुढे 5 मिलिमीटरची आली, पण त्यांत एका सांध्याऐवजी अनेक मणक्यांची मान होती. तिला वळायला जाड उपकरणापेक्षाही जास्त जागा लागे. छिद्र लहान झाले, आतली अडचण वाढली. केवळ जाडीचा आकडा पाहून उपकरण ‘मुलांसाठी’ म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

लहान मापाच्या सरावपेट्या आता काही नवलाच्या नाहीत. टोरंटोच्या बालशल्यविशारदांनी तशा पेटीवरील कौशल्य चाचणी 2011 मध्येच मांडली. अशा लहान पेटीत, बारीक धाग्याने, नाजूक ऊतीसारख्या पदार्थावर नव्या उपकरणाने काम करून पाहावे. ऊतीवर किती ताण आला, टोक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर किती वेळा गेले, सांधा पूर्ण वळलेला असताना जबड्याची पकड ढिली पडते का, हे मोजावे. तुलना सरळ चिमट्यात मुरलेल्या हातांशी व्हावी. नवशिक्याला सोपे गेले एवढ्यावर निकाल देऊ नये.

आपल्याकडे आणखी एक चाचणी हवी. या सांध्यांना बहुधा बारीक तारा ओढतात, आणि आपली रुग्णालये महागडे उपकरण पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरतात. सांध्यात अडकलेले रक्त निघते का? विसाव्या वापरात तार सैल होते का? बाळांसाठी असे उपकरण घेणाऱ्या खरेदी समितीने दरपत्रक उघडण्याआधी याचे लेखी उत्तर मागावे, आणि ती चाचणी विक्रेत्याने नव्हे, स्वतंत्र सर्जनांनी केलेली असावी.