घरीच असते, म्हणजे काय करते?

गेल्या महिन्यात रत्नागिरीत एका घरी नामकरणाला गेलो होतो. वंदना झाली, खीर झाली आणि बोलता बोलता यजमान म्हणाले, "हिने काजूच्या कारखान्यातलं काम सोडलं. आता घरीच असते. एकाच्या पगारात भागवायचं म्हणजे कठीणच." बाळाची आई आत भांडी घासत होती. तिला ते ऐकू गेले असणार. आम्ही एक जुनी वही मागितली आणि तिलाही बाहेर बोलावले.

कारखान्यात तिला ३०० रुपये रोज मिळे. पंचवीस दिवस भरले तर साडेसात हजार. जाण्यायेण्याचे हजार गेले. मूल सांभाळायला शेजारच्या मावशी अडीच हजार मागत होत्या. दमून आल्यावर बाहेरून पाव, भजी आणली जात, त्याचे आठशे. उरले ३,२००. आणि एवढ्यासाठी बाळाला अंगावरचे दूध तोडायचे, परत आल्यावर स्वयंपाक, धुणे, पाणी तिचेच.

मग ती घरी राहून काय करते तेही लिहिले. मे महिन्यात आगोटीची बेगमी तिनेच केली. सुकट, बोंबील स्वस्त असताना घेतले, परसातल्या रातांब्यांची सोलं वाळवली, कुळीथ भरडून पीठ केले. हेच पावसात दुकानातून आणायचे तर काय पडेल, हा आकडा यजमानांना सांगता आला नाही. तिला आला.

हे काम मोजायचे कसे, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला आहे. जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या भरपाईचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवतात, यावर त्याच न्यायालयाने २०१० मध्ये नापसंती नोंदवली. सरकारच्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. मुले व म्हातारी माणसे सांभाळण्याचा वेळ याहून वेगळा. बाई अपघातात गेल्यावर तिची किंमत ठरते. जिवंतपणी मात्र ती "काही करत नाही."

माता रमाई आपल्याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंदच्या. बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला शिकत होते तेव्हा त्यांनी संसार कसा रेटला, गोवऱ्या कशा थापल्या, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्या हलाखीच्या दिवसांतल्या त्यांच्या धीराची नोंद तिथे केली. पण रमाईचे नाव घेऊन कुणी बायकोला घरात बसवू लागला तर आम्हाला ते मान्य नाही. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, असे बाबासाहेबांनीच १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते.

वही पुढे सरकली तशी खरी दुखरी जागा निघाली. यजमानांनी हप्त्यावर फोन घेतला होता, महिना १,८०० रुपये. तिला विचारले नव्हते. आणि तिला बाळाच्या तेलाला पन्नास रुपये हवे झाले तर मागावे लागत. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात घरातला अधिकार पत्नीच्या हाती सोपवणे हेही आहे. मिळकतीचे चार भाग करावेत, एक खर्चाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला राखून, हेही त्याच सुत्तातले. रोजंदारीवाल्याला चौथा भाग कुठून जमणार, हे आम्हालाही कळते. पण शंभर रुपये बाजूला पडले तरी ते कुठे आहेत हे दोघांना ठाऊक असावे. रेशनकार्डावर २०१३ च्या कायद्याने घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते. पैशाचा डबा मात्र वरच्या फळीवर, तिचा हात पोचणार नाही असा.

यजमान भले गृहस्थ. ऐकून घेतले. पगार झाला की दोघांनी बसून वहीत लिहायचे आणि पोस्टात जोडखाते काढायचे, एवढे ठरले. बाळ दीड वर्षाचे झाले की तिला पुन्हा कामावर जायचे आहे. तेव्हा सकाळचे पाणी कोण भरणार, असे तिने तिथल्या तिथेच विचारले. यजमान "बघू" म्हणाले. आम्ही तेही वहीत लिहून आलो आहोत, तारखेसकट.