पडदा दिसला म्हणून कात्री लावायची?

वास्कोच्या बसस्टँडवर भाचीनं माझ्या हातात फाईल ठेवली. "मावशी, गर्भपिशवीत पडदा आहे म्हणे. कापला की मूल राहतं." फाईलमध्ये तिचे तीन वर्षांचे कागद होते. जावयाच्या वीर्यतपासणीचा एकही नव्हता.

"पडदा असताना गर्भ रुजणार कुठे?" हा सवाल बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. असा पडदा घेऊन कितीतरी बायका बाळंत होतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. गर्भपाताचा धोका वाढतो, हे खरं. पण कापल्यानं तो टळतोच, हे सिद्ध झालेलं नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रस्ट' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पडदा कापलेल्या 39 जणींपैकी 12 जणींना मूल झालं, न कापलेल्या 40 पैकी 14 जणींना. चाचणी लहान होती, तिच्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही. पण "कापलं की मूल" ही हमी कशाच्या जोरावर देतात, ते तरी सांगावं!

"मग पिशवीच्या आतली ही सगळी ऑपरेशनं म्हणजे निव्वळ लूट," असं म्हणणारेही भेटतात. तेही मला मान्य नाही. पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडची गाठ मूल राहण्याच्या आड येऊ शकते. ती दुर्बिणीतून काढणं रास्त आहे. क्युरेटिंगनंतर कधीकधी आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी अगदी कमी होते. तिथे चिकटलेलं सोडवावंच लागतं. आपल्याकडे पिशवीचा क्षयही असतो. तिथे आधी क्षयाची औषधं, मग दुर्बीण. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईनं डॉक्टरांशी नीट बोलून पडदा काढायचं ठरवलं, तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन.

पण आधी तो पडदाच आहे ना, याची खात्री हवी. दुशिंगी पिशवीही साध्या सोनोग्राफीत तशीच दिसू शकते. तिची वरची बाजूच खोलगट असते. तिथे पडदा समजून कात्री चालवली तर पिशवीला भोक पडू शकतं. म्हणून थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा. नळ्या तपासायला हव्यात. आणि नवऱ्याची तपासणी सगळ्यांत आधी, कारण तिला ना भूल लागते ना टाके.

भाचीला मी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दुसरं मत घ्यायला सांगितलं. जावयाला वेगळा फोन केला. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "मला कुणी विचारलंच नव्हतं, मावशी."