मुलांना मैदानावर स्वतः ठरवू द्या

पेरणी केव्हा करावी हे शेतकरी आभाळ आणि ओल पाहून स्वतः ठरवतो. बांधावरून कोणी ओरडले म्हणून तो तिफण धरीत नाही. मग आपली मुले फुटबॉल खेळू लागली की आपण रेषेबाहेरून "मार!", "पास दे!" असा गलका का करतो? अशाने मुलगा खेळ पाहायचे सोडून आवाजाकडे कान लावतो.

हुतुतूचे नियम 1923 साली आपल्या बडोद्याच्याच हिंद विजय जिमखान्याने प्रसिद्ध केले. त्या खेळात दम किती उरला, कोपरा मोकळा आहे का, हे चढाई करणाऱ्याला क्षणात ओळखावे लागते. फुटबॉलातही तीच नजर लागते, आणि ती शिकवता येते.

लहान चौक आखावा. दोघांनी चढाई करावी, एकाने अडवावे. चेंडू पायाशी असलेल्याने आधी मान वर करावी. अडवणारा अंगावर आला तर जोडीदार मोकळा झाला, त्याला पास द्यावा. तो जोडीदाराकडे सरकला तर समोरची वाट मोकळी, चेंडू स्वतः पुढे न्यावा. अडवणाऱ्यानेही एकदम झेप घेऊ नये. चेंडू आणि गोल यांच्या मध्ये राहून हळूहळू मागे सरावे, सोबती येईपर्यंत वेळ काढावा. चेंडू समोरच्याच्या पायापासून सुटला की मगच घुसावे. मग खेळ थांबवून मुलाला विचारावे, "तू काय पाहिलेस?" उत्तर चुकले तरी रागावू नये.

"तू मागेच राहा" असे लहानपणीच ठरवून टाकणेही बरे नव्हे. भारतीय संघाचे थोर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा रहीम यांनी त्यांना पुढच्या फळीत खेळवले. अंतिम सामन्यात जर्नेलसिंग यांनी गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवले. बचाव करणाऱ्यालाही चढाई उमगलेली असावी, ती अशी कामी येते.

या रीतीने शिकवल्यास सुरुवातीला काही सामने हातचे जातील आणि पालक कुरकुर करतील. तरी माझे मत असे की दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी ढालीपेक्षा ही समज मोलाची आहे. पुढच्या सामन्याला पालकांनी पहिली दहा मिनिटे गप्प उभे राहून पाहावे.