नळ आपला, धरण कुणाचे?

मुंबईला वाढीव पाणी हवे म्हणून गारगाई नदीवर धरण बांधायची योजना आहे. पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यातल्या ओगदा गावाजवळ हे धरण व्हायचे आहे. त्यातून शहराला रोज ४४ कोटी लिटर पाणी मिळेल असा हिशेब मांडला जातो. या योजनेवर शहरातल्या स्त्री-संघटनांनी भूमिका घ्यायला हवी, आणि ती ‘आम्हाला पाणी द्या’ एवढ्यावर थांबता कामा नये, असे माझे मत आहे.

मी नाहूर-भांडुपच्या डोंगराकडच्या वस्त्यांत काम करते. जवळच भांडुप संकुल आहे. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथे शुद्ध होऊन शहरभर जातो. पण डोंगरावरच्या बाईला पाणी मिळते ते पहाटे उठून, मोटार लावून, नाहीतर शेजारणीकडून विकत घेऊन. इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडीत ४५ लिटर, हा निकषातलाच भेद आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की, वस्ती अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. पालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला २०२२ उजाडले. तरी नळाच्या अर्जाला कागद लागतात, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या नावावर कागद नसतात.

तेव्हा आपली तहान खरी आहे. पण हे पाणी येते कुठून? सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे मुंबईत. बाकी पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. सातांच्या एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसा धरणात आहे. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर चुकला की बायका ओढ्यातल्या डवऱ्याशी वाटी घेऊन बसतात.

भातसा प्रकल्प शेतीलाही पाणी देणार होता. कालव्याचे पाणी काही गावांना मिळते, वरच्या पाड्यांना नाही. तिथे भाताची कापणी झाली की शेत कोरडे, आणि कुटुंब वीटभट्टीवर. त्या भट्टीवर विटा वाहणारी बाई आणि आपल्या वस्तीत हंडा वाहणारी बाई यांची गाठ कोणत्याही नियोजनात पडत नाही.

पाणीवाटपाच्या क्रमाचेही तसेच. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याचे पाणी पहिले, उद्योग दुसरा आणि शेती तिसरी होती. ओरड झाल्यावर २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचे पाणी पहिले याला आपला विरोध कसा असेल? पण शहापूरची बाईसुद्धा पाणी पितेच ना? आणि शहरातल्या मोटारी धुणे, पोहण्याचे तलाव भरणे हे कोणत्या पिण्यात बसते?

‘मग मुंबईने तहानलेले राहायचे का?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, शहर वाढते आहे. पण शहरात रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी येते आणि त्यातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गळती, चोरी आणि हिशेबाबाहेर जातो. म्हणजे दोन गारगाई आपण रोज हरवतो. ते पाणी वाचवायचे तर जुने पाइप बदलावे लागतात. त्या कामाचे भव्य उद्घाटन होत नाही, आणि धरणाचे होते!

तरीही धरण होणारच असेल, तर आपण तीन गोष्टींचा आग्रह धरू या.

एक, वाडा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. त्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी, तिचे म्हणणे नोंदले जावे. नुसते अंगठे घेऊन भागणार नाही.

दोन, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानले आहे. याद्या तशाच व्हाव्यात, घर आणि जमीन दोघांच्या नावे असावी. बुडणाऱ्या जमिनीत मोठा भाग जंगलाचा आहे. मोहाची फुले, सरपण, रानभाज्या सातबाऱ्यावर नसतात, पण घर त्यावर चालते. त्याची भरपाई मोजली जावी.

तीन, धरणाकाठच्या आणि जलवाहिनीच्या वाटेवरच्या पाड्यांना नळ आधी, मुंबईला नंतर.

या शहरात हंडा मोर्चांची परंपरा मोठी आहे. गोरेगावच्या मृणालताई गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते उगीच नाही. त्या मोर्चांनी आपल्याला नळ मिळवून दिले. आता मोर्चात वाड्याच्या, शहापूरच्या बायका आपल्या शेजारी हव्यात. नाहीतर त्यांचा हंडा रिकामा करून आपला भरला, एवढेच होईल.

मैत्रिणींनो, आपापल्या गटात यावर एक बैठक घ्या. आपल्या वॉर्डात किती पाणी येते, किती गळते, याची लेखी माहिती मागा. आणि एक दिवस काढून धरणाकाठच्या पाड्यावर जाऊन या. तिथल्या बायका काय म्हणतात ते ऐकून मगच आपल्या मागण्यांचे पत्रक लिहू.